आणखी एक पीळ

दुचाकी बाळगणारा मराठी माणूस आणि त्याचा मेकॅनिक यांच्यात एक न लिहिलेली वाटणी झालेली असते. क्लच प्लेट, पिस्टन, टायमिंग चेन हे सगळं मेकॅनिकच्या वाट्याचं. तिथे मालक ढवळाढवळ करत नाही. गाडी पुसणं, टायर अंगठ्यानं दाबून बघणं, दसऱ्याला झेंडूचा हार घालणं हे मालकाच्या वाट्याचं. तिथे मेकॅनिक बोलत नाही. आणि बरोब्बर हद्दीवर, दोघांचाही दावा असलेला, बोटभर लांबीचा स्पार्क प्लग असतो. तो बदलायची वेळ आली की वाद उभा राहतो. मेकॅनिकशी नव्हे, त्या बिचाऱ्याला पत्ताही नसतो. वाद मालकाचा स्वतःशीच असतो, आणि घरच्यांना त्यात साक्षीला बसवलेलं असतं.

"एवढ्याशा कामाला काय गॅरेजमध्ये जायचं?" या वाक्यानं सुरुवात होते. हे वाक्य शनिवारी संध्याकाळी, चहा पिता पिता, कुणालाही उद्देशून नसल्यासारखं बोललं जातं. घरातल्या जाणत्या माणसाला त्यावरून कळतं की उद्याचा रविवार गेला.

बायका या वादात पडत नाहीत, हे नोंदवायला हवं. आमच्याकडच्या एक वहिनी रोज स्कूटरवरून कामाला जातात. स्कूटर सकाळी आचके द्यायला लागली की कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे चावी टाकतात, रिक्षानं पुढे जातात आणि संध्याकाळी गाडी घेऊन येतात. काय बिघडलं होतं हे त्यांना माहीत नसतं आणि त्यामुळे त्यांची झोपही उडत नाही. त्यांचे यजमान मात्र आठवडाभर विचारत राहतात, "त्यानं नक्की प्लगच बदलला ना? जुना परत मागितलास का?"

आता प्लगच का, हा प्रश्न रास्त आहे. ब्रेक शू घरी बदलावा असं कुणाला वाटत नाही. त्याचं मूळ १९७२ साली बाजारात आलेल्या चेतकमध्ये आहे. आकुर्डीच्या कारखान्यातून निघालेली ही टू-स्ट्रोक स्कूटर मिळवण्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावले, आणि मिळाल्यावर तिच्या प्लगशी संसार केला. टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलमध्येच कालवलेलं असे. पेट्रोल जळे, ऑइल अर्धवट जळे, आणि उरलेल्याची काजळी प्लगच्या टोकावर धरे. मग गाडी कुठे बंद पडणार हे तिच्या मर्जीवर. ती सहसा गॅरेजसमोर बंद पडत नसे. कात्रजच्या घाटात, मागे बायको, पुढे उभं पोरगं, सात वाजून गेलेले, अशा वेळी स्वतः करावं की मेकॅनिककडे न्यावं ही चर्चाच उद्भवत नव्हती. उजवीकडचं कव्हर उघडायचं, डिकीतून जुन्या बनियनच्या फडक्यात गुंडाळलेला प्लगपाना आणि टॉमी काढायची, पोळणारा प्लग त्याच फडक्यात धरून बाहेर घ्यायचा, पॉलिश पेपरनं घासायचा, तो नसला तर काडेपेटीच्या बाजूवर. दोन टोकांमधली फट हॅक्सॉच्या तुटक्या पात्यानं मापायची, कारण ते पातं साधारण ०.६ मिलिमीटर जाडीचं असतं आणि तेवढीच फट लागते. प्लग टोपीत अडकवून इंजिनला टेकवायचा, किक मारून निळी ठिणगी बघायची. ठिणगी पडली की आसपासच्या सगळ्यांचे चेहरे उजळत. पोराला तर वडिलांनी वीज पाडली असंच वाटे.

तीच पोरं आता पन्नाशीला आली आहेत. त्यांच्या हातात आयत्या आलेल्या फोर-स्ट्रोक गाड्या आहेत, ज्यांत ऑइल आपल्या जागी राहतं आणि पेट्रोल आपल्या. प्लगला काजळी धरायचं काही कारणच उरलेलं नाही. साधा प्लगसुद्धा सुमारे १२ हजार किलोमीटर चालतो. हिशेब करून बघा. ताशी ४० नं १२ हजार किलोमीटर म्हणजे ३०० तास. इंजिन मिनिटाला ५ हजार फेरे घेत असेल तर त्यात २५०० वेळा इंधन पेटवायचं. एका प्लगच्या जन्मात साडेचार कोटी वेळा. शंभर-सव्वाशे रुपयांना मिळणाऱ्या वस्तूनं याहून जास्त काय करायचं? पण माणसाचं दुःख वेगळंच आहे. प्लग वर्ष-दीड वर्ष नीट चालतो, त्यामुळे वर्ष-दीड वर्षातून एकदाच बदलायला मिळतो, त्यामुळे हात बसत नाही. वडील आठवड्याला प्लग काढत असत म्हणून त्यांना येत होतं. मुलाला येत नाही, कारण गाडी चांगली आहे. बिघाड गेला, त्याच्याबरोबर कसब गेलं, आणि हौस तेवढी वारसाहक्कानं उरली.

हौसेला हिशेबाचा अंगरखा घालायची आपली जुनी सवय आहे. प्लग बदलायचे मेकॅनिक पन्नासाची नोट घेतो. ती वाचवायची, असा प्रस्ताव मांडला जातो. मग वाचवण्यासाठी लागणाऱ्या वस्तूंची यादी होते. प्लगपाना हवा, वडिलांचा २१ चा आहे, तो जाड प्लगला चालायचा, नव्या गाडीला १६ चा लागतो. फट मापायला फीलर गेज हवा. हॅक्सॉचं पातं आता कमीपणाचं वाटतं. आणि एखाद्या अतिचिकित्सक मित्रानं कान फुंकलेले असतील तर टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या ताकदीला पोचताच कट्‌ असा आवाज करून तुम्हाला थांबवणारा पाना. सगळं मिळून ३ हजार धरू. पन्नास-पन्नास रुपये वाचवत हे वसूल करायला ६० प्लग बदलावे लागतील. एका प्लगला १२ हजार किलोमीटर, म्हणजे ७ लाख २० हजार किलोमीटर. चंद्र ३ लाख ८४ हजारांवर आहे. तेव्हा स्कूटरनं चंद्रावर जावं, तिथे फार न थांबता परत फिरावं, आणि घर ४८ हजार किलोमीटरवर आलं की हत्यारांचे पैसे फिटतात. त्यापुढचा प्रत्येक प्लग निव्वळ नफा.

हा हिशेब मी ज्यांना ज्यांना सांगितला त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि म्हणाले, "पण हत्यारं घरात असलेली बरी."

प्लग आणायला पुण्यातला माणूस नाना पेठेत जातो. कोपऱ्यावर मिळत नाही म्हणून नव्हे. नाना पेठेत होलसेल भावात मिळतो आणि तिथे जाऊन आलो हे सांगता येतं. दुकानात काउंटरवरचा माणूस मान वर न करता विचारतो, "कुठली गाडी?" गिऱ्हाईक कंपनीचं नाव सांगतं. "मॉडेल? साल? बीएस फोर का सिक्स?" इथे शांतता. माणसाला आपल्या गाडीबद्दल खात्रीनं माहीत असलेली गोष्ट एकच असते, ती तो सांगून टाकतो: "काळी आहे."

खोक्यावरची अक्षरं आणि आकडे ही तर वेगळीच विद्या. प्लगमध्ये थंड आणि गरम असे दोन स्वभाव असतात. पपई उष्ण आणि ताक थंड हे ज्याला लहानपणापासून ऐकून पाठ आहे त्याला हे लगेच पटतं, कारण पपईच्या उष्णतेप्रमाणेच प्लगची उष्णताही हात लावून कळत नाही. प्लगचं टोक साधारण ५०० ते ८५० अंश सेल्सिअसमध्ये राहावं लागतं. खाली राहिलं तर काजळी जळत नाही. वर गेलं तर ठिणगीची वाट न बघता इंधन स्वतःच पेट घेतं. उष्णता चटकन बाहेर सोडणारा तो थंड, धरून ठेवणारा तो गरम. खोक्यावरचा आकडा हे सांगतो. फक्त जपानच्या एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड होतो आणि जर्मनीच्या बॉशचा आकडा वाढला की गरम. गिऱ्हाइकाला गोंधळात टाकायचं ठरवून केलं असतं तरी इतकं साधलं नसतं.

या धंद्यातला माझा आवडता माणूस मात्र फ्रेंच आहे. आल्बेर शाँपियाँ हा सायकलपटू. १८९९ ची पॅरिस-रूबे शर्यत त्यानं जिंकली. पुढे अमेरिकेत जाऊन प्लगच्या धंद्यात पडला आणि आपल्या आडनावाची कंपनी काढली, तीच आपल्याकडच्या जुन्या खोक्यांवरची 'चॅम्पियन'. भागीदारांशी बिनसलं. कंपनी भागीदारांकडे राहिली आणि आडनावही कंपनीबरोबर तिकडेच राहिलं. मग त्यानं दुसरी कंपनी काढली. तिचे प्लग एसी या नावानं, नुसत्या आद्याक्षरांवर विकले गेले. भाऊबंदकीत जमीन गेलेली माणसं आपण बघितली आहेत, पण आडनाव गेलेला हा एकच.

असो. रविवार उजाडतो. पार्किंगमध्ये कालचा पेपर अंथरला जातो. त्यावर हत्यारं ओळीनं मांडली जातात, जुना टूथब्रश, फडकं, आणि एक वाटी, स्क्रू ठेवायला. वाटी स्वयंपाकघरातली असते आणि ती का नेली यावर एक फेरी आधीच होऊन गेलेली असते. जमिनीवर बैठक मारली की मदतनीसाला हाक जाते. मदतनीस म्हणजे मुलगा, आणि तो झोपला असेल तर त्याची आई. काम एकच: मोबाइलचा टॉर्च धरणं.

"इकडे धर."

"इकडेच धरलाय."

"माझ्या डोळ्यांत नको. मी बघतोय तिथे धर."

"तुम्ही कुठे बघताय ते मला काय दिसतंय?"

कुणाच्याही संसाराची मजबुती जोखायची असेल तर कुंडली राहू द्या, दोघांना स्कूटरच्या पोटात दहा मिनिटं टॉर्च धरायला लावा.

हल्लीच्या गिअरलेस स्कूटरचा प्लग आधी सापडावा लागतो. चेतकचं कव्हर उघडलं की तो समोर असे. इथे एक प्लॅस्टिकचं झाकण, ते एखाद-दुसऱ्या स्क्रूनं आणि आतून खाचांत अडकणाऱ्या जिभांनी धरलेलं. स्क्रू काढला की झाकण निघत नाही. थोडं ओढलं की निघत नाही. आणखी थोडं ओढलं की निघतं, आणि एक जीभ आतच राहते. व्हिडिओमध्ये हे होत नाही. व्हिडिओतली गाडी धुतलेली असते, झाकण बोटानं सुटतं, प्लग पाव फेऱ्यात सैल होतो आणि मागे सतार वाजत असते.

एव्हाना माणसं जमलेली असतात. आपल्याकडे उघडी गाडी दिसली की पुरुषांची पावलं आपोआप थांबतात. तीन मिनिटांत कोरम भरतो. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त काका म्हणतात, "कार्बोरेटर बघा आधी." गाडीला कार्बोरेटर नसतोच, फ्यूएल इंजेक्शन असतं, पण हे ऐकून घ्यायला ते थांबलेले नसतात. दुधाच्या पिशव्या घेऊन आलेले गृहस्थ पेट्रोलमध्ये पाणी असल्याचं निदान करतात. एक जण गाडी तिरकी करायला सांगतो. जुनी टू-स्ट्रोक चेतक बंद होऊन जमाना लोटला तरी गाडी तिरकी करण्यावरची श्रद्धा अढळ आहे. आजारी माणूस सोडला तर महाराष्ट्रात बिघडलेलं काहीही जरा तिरकं करून बघतातच.

जुना प्लग निघणं हा अर्धा विजय. त्याआधी भोवतालची माती फुंकून काढायची असते, नाहीतर ती सरळ सिलिंडरात पडते. इंजिन गार हवं. टोपी धरून ओढायची, वायर धरून नाही. हे सगळं बहुतेकांना माहीत असतं आणि बरेच जण करतातही. खरी मेख पुढे आहे. नवा प्लग बसवताना सुरुवातीला पाना लावायचाच नाही. पेट्रोलच्या रबरी पाइपचा वीतभर तुकडा प्लगच्या शेपटावर चढवायचा आणि बोटांनी फिरवत आत न्यायचा. आटे नीट जुळले तर तो लोण्यासारखा जातो. वाकडा लागला तर पाइप नुसता गरगर फिरतो, प्लग जोर करत नाही, आणि इंजिन वाचतं. सारा शहाणपणा या वीतभर रबरात आहे, आणि तो फुकट मिळतो, म्हणून कुणी घेत नाही.

वायसर टेकेपर्यंत असा हातानं, मग पान्यानं साधारण अर्धा फेरा. बस्स. पण 'बस्स' हे आपल्या हाताला कळत नाही. लोणच्याच्या बरणीपासून गॅस सिलिंडरच्या रेग्युलेटरपर्यंत आपली घट्टपणाची कल्पना एकच आहे: परत कुणाला उघडता येऊ नये. बसलेला प्लग बघून मालक क्षणभर थांबतो, टॉमीवर पुन्हा हात ठेवतो आणि स्वतःशीच म्हणतो, आणखी एक पीळ. मागचे काका दुजोरा देतात, "द्या, द्या. व्हायब्रेशननं सुटतो." प्लग पोलादाचा, इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं. पोलाद आणि ॲल्युमिनियम यांच्या भांडणात कोण हरतं हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. हाताला एकदम हलकं लागतं, पाना सुखानं फिरायला लागतो, आणि मालकाचा चेहरा तपकिरी होतो. आटे गेलेले असतात.

आता गाडी ढकलत गॅरेजला. मेकॅनिक वाकतो, बोटानं प्लग हलवून बघतो, आणि मान वर करून अत्यंत मऊ आवाजात विचारतो, "आधी कुणी हात लावला होता का?"

या प्रश्नाचं खरं उत्तर महाराष्ट्रात अजून दिलं गेलेलं नाही. सर्व्हिस सेंटरचं नाव घेणारे असतात. वॉचमनवर ढकलणारेही असतात. पण सर्वाधिक बळी भाचा जातो. "भाचा आला होता गावाकडून, त्याला हौस." मेकॅनिक मान हलवतो. त्याच्या अनुभवात या शहरातले सगळे आटे भाच्यांनीच घालवलेले आहेत. हेड खोलायचं, टर्नरकडे न्यायचं, भोक मोठं करून त्यात नव्या आट्यांची बुश बसवायची. पन्नास रुपयांची नोट खिशात तशीच असते आणि तिच्या सोबतीच्या बऱ्याच नोटा निघून जातात.

मेकॅनिक पन्नास रुपयांत नेमकं काय विकतो, हे त्याच्याकडे पायरीवर बसून राहिल्यावर हळूहळू ध्यानात येतं. प्लग काढणं-घालणं पाच मिनिटांचं. पण काढलेला प्लग तो उजेडात धरून दोन सेकंद बघतो. टोक बिस्किटाच्या रंगाचं असेल तर गाडी तब्येतीत. कोरडं काळं असेल तर पेट्रोल जास्त येतंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. ओलं, तेलकट काळं असेल तर ऑइल वर चढतंय, म्हणजे रिंगा गेल्या, खर्च मोठा. पांढरं फटक असेल तर इंजिन तापतंय. घरी बदलणारा माणूस जुना प्लग कचऱ्यात टाकतो आणि नवा लावतो. गाडीनं वर्षभर लिहिलेलं पत्र न वाचताच फेकल्यावर तिच्या तक्रारी नव्या प्लगवर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. मेकॅनिक ते पत्र वाचतो, आणि चांगला असेल तर तुम्हालाही दाखवतो.

आणि सगळ्यात महाग मेकॅनिक तो, जो पैसे घेत नाही. प्लग काढतो, ब्रश मारतो, फट नीट करतो, लावतो, एका सेलमध्ये गाडी चालू करून देतो. "किती झाले?" "राहू द्या, काका." झालं. या दोन शब्दांनी माणूस दहा वर्षं बांधला जातो. पुढचे ब्रेक, बॅटरी, टायर, इंजिनकाम, मुलाची गाडी, सुनेची गाडी, सगळं त्याच दारात. पन्नास रुपये घेतले असते तर सुटका होती.

चारचाकीवाल्यांनी इथे हसू नये. मारुती ८०० ला तीन प्लग, समोर ओळीनं, हात घातला की मिळणारे. आमच्या ओळखीच्या एकांनी तिन्ही वायरी एकदम काढून ठेवल्या आणि मग कुठली कुठे हे आठवेना. तीन वायरी सहा प्रकारे लावता येतात आणि त्यातला एकच बरोबर. बाकीच्या पाचांत गाडी खोकते, फटाके फोडते आणि गल्लीत दिवाळी आधी येते. दुचाकींतही पल्सरला २००३ मध्ये एकाच सिलिंडरवर दोन प्लग आले, पुढे २०१२ च्या २०० एनएसला तीन. हौशी लोकांवर हा सरळसरळ अन्याय आहे, की कृपा, यावर मतं विभागलेली आहेत.

तर स्वतः की मेकॅनिक? सुज्ञ मराठी माणूस या पेचातून तिसरी वाट काढतो. प्लग आपण आणायचा, हात मेकॅनिकचे लावायचे आणि सूचना आपण द्यायच्या. सोमवारी सकाळी तो नाना पेठेतलं खोकं खिशात घालून गॅरेजमध्ये जातो. मेकॅनिक खोकं घेतो, उलटसुलट फिरवतो, प्लग काढून वर छापलेली अक्षरं अंगठ्यानं घासून बघतो.

"कुठून आणला?"

"नाना पेठ. होलसेल."

"बिल घेतलंय?"

"नाही. का?"

"नाही, काही नाही. हल्ली डुप्लिकेट फार येतात. हा तसा बराच वाटतोय." मग तो प्लग परत खोक्यात, खोकं परत मालकाच्या हातात. "लावू का हाच? तुम्ही म्हणाल तसं."

'बराच वाटतोय' या दोन शब्दांपुढे कुणाचा टिकाव लागलाय? मालक गाडीकडे बघतो, खोक्याकडे बघतो, नाना पेठेला जायला लागलेलं पेट्रोल त्याला आठवतं. शेवटी तो म्हणतो, "तुमच्याकडचाच लावा." मेकॅनिक आपल्या कपाटातला प्लग काढतो, त्याच कंपनीचा, त्याच नंबरचा, वीस रुपये जास्तीचा. बसवतो. गाडी झकास चालू होते. नाना पेठेतला प्लग खोक्यासकट डिकीत जातो, आणि चौकात पोचेपर्यंत मालकाच्या डोक्यात हिशेब मांडून झालेला असतो: पुढच्या वेळचा प्लग तर आताच आहे आपल्याकडे, म्हणजे फक्त सोळाचा पाना घेतला की झालं.